अण्णा भाऊ साठे : जीवन आणि कथा

वारणेच्या खोऱ्यातील वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचे जन्मगाव. तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात हे गाव आहे. तेथील मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी भाऊराव आणि वालुबाई या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. घरच्यांनी ठेवलेले नाव तुकाराम. पुढे मुंबईच्या कामगार वस्त्यांनी त्यांना अण्णा केले आणि वडिलांच्या नावासह तेच नाव मराठी साहित्यात रूढ झाले.

ज्या समाजात त्यांचा जन्म झाला, त्या मातंग समाजावर दुहेरी जाच होता. गावगाड्याने अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर ठेवले होते, आणि इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली माणसाच्या जन्मालाच संशयाचा शिक्का मारला होता. गावात कोठेही चोरी झाली की पहिली धाड मांगवाड्यावर पडे. पुरुषांना सरकारी हजेरी द्यावी लागे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, तोपर्यंत अण्णा भाऊंचे बालपण आणि तारुण्य दोन्ही सरून गेले होते.

त्यांच्या शाळेचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. तो दीड दिवसांचा आहे. जातीमुळे मिळालेली अपमानाची वागणूक सहन न होऊन त्या मुलाने शाळा सोडली आणि पुन्हा कधी शाळेच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवले नाही. निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र लिहिताना ही गोष्ट आधी सांगावी लागते. एका मुलाला दीड दिवसात वर्गाबाहेर घालवणारी व्यवस्था ज्या गावांत होती, त्याच गावांतल्या मुलामुलींसाठी पुढे वसतिगृहे आणि शाळा उभ्या राहिल्या. दोन वेळचे अन्न, अंथरूण, दिवा आणि पुस्तक एका छताखाली मिळावे, यासाठी आपल्या समाजाने का झटावे, याचे उत्तर या दीड दिवसात आहे.

मुंबईची वाट

१९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी साठे कुटुंबाने गाव सोडले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून वाटेगाव ते मुंबई हे अंतर या कुटुंबाने पायी कापले. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल ते खायचे आणि पुढे चालायचे, असा तो प्रवास होता. मुंबईत आल्यावर त्या मुलाने हमाली केली, पडेल ती मजुरी केली आणि पुढे गिरणीत काम धरले. अक्षरओळख झाली ती रस्त्यावर. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती हेच त्यांचे अंकलिपीचे पुस्तक होते.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांचे घडणे सुरू झाले. ही कष्टकऱ्यांची, त्यातही अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांची वस्ती होती. आंबेडकरी चळवळ आणि कामगार चळवळ या दोन्ही प्रवाहांचे पाणी तेथे एकत्र वाहत होते. महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीत अग्रभागी असलेले आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेलेले रा. भि. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते त्या काळी कामगारांमध्ये वावरत होते. अण्णा भाऊ कम्युनिस्ट पक्षाच्या कामात ओढले गेले. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लढ्यावर त्यांनी रचलेला पोवाडा कामगारांत गाजला आणि शाहीर म्हणून त्यांचे नाव झाले.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचा बाज त्यांनी घेतला, पण गण-गवळणीतले देवादिकांचे स्तवन बाजूला सारून तेथे श्रमिकांना आणि मातीला वंदन आणले. सावकार, जमीनदार, साठेबाज आणि त्यांचे पाठीराखे हे त्यांच्या लोकनाट्यांचे विषय होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या लावणीने आणि पोवाड्यांनी मैदाने भरली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यामागे लेखणी आणि डफ घेऊन उभ्या राहिलेल्या या शाहिराचाही वाटा आहे.

शाहीर कथेकडे वळतो

शाहिरी ही हजारोंच्या समोर उभे राहून करायची कला. कथा एकट्याने वाचायची असते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात अण्णा भाऊ कथेकडे आणि कादंबरीकडे वळले आणि पुढील वीस वर्षांत त्यांनी जे लिहिले, ते पाहून अचंबा वाटतो. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, डझनाहून अधिक कथासंग्रह, लोकनाट्ये, नाटक, प्रवासवर्णन असा हा पसारा आहे. वारणेच्या बंडखोराची कहाणी सांगणारी 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना लाभली आणि १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीला अर्पण केली. पक्षाने कम्युनिस्ट असलेल्या लेखकाने केलेली ही अर्पणपत्रिका त्यांच्या मनाचा कल सांगते. बाबासाहेबांच्या शिकवणीने घाव घालून जग बदलण्याची दिशा दिली, या आशयाचे त्यांचे गीत आजही जयंतीच्या मिरवणुकांत गायले जाते.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पुराणातल्या शेषाच्या मस्तकावर ही पृथ्वी तोललेली नसून श्रम करणाऱ्या दलित-कष्टकऱ्यांच्या हातांनी ती धरली आहे, हा विचार त्यांनी तेथे मांडला. हातांविषयीचा हा विचार लक्षात ठेवावा. त्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा समजून घेताना तो उपयोगी पडतो.

तीन कथा शेजारी ठेवून

कथेचे घटक कोणते, हे पाठ्यपुस्तकात शिकवले जाते. स्थळकाळ, पात्रे, निवेदक, संघर्ष, भाषा, शेवट अशी यादी विद्यार्थी पाठ करतात. पण घटक म्हणजे काय, हे एकच कथा वाचून उमगत नाही. दोन-तीन कथा शेजारी ठेवल्या की एका लेखकाने काय निवडले आणि दुसऱ्याने काय टाळले, ते दिसू लागते. अण्णा भाऊंची 'स्मशानातील सोनं', बंधुमाधव यांची 'विषारी भाकर' आणि बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' या तीन कथा अशा तुलनेसाठी उत्तम आहेत. तिन्ही कथांत कष्टकरी दलित जीवन आहे, तिन्हींत भाकरीचा किंवा रोजगाराचा प्रश्न आहे, आणि तरीही तिन्हींची घडण वेगळी आहे.

'स्मशानातील सोनं' या कथेचा नायक भीमा. अंगात रग असलेला, खाणीत दगड फोडणारा हा गडी मुंबईच्या उपनगरात पोट भरायला आलेला आहे. एके दिवशी खाण बंद पडते. घरी बायको आणि लहान लेक आहे. हताश होऊन भटकताना स्मशानाच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि त्याला नवा धंदा दिसतो. तो मढ्यांची राख चाळू लागतो, पुरलेली प्रेते उकरू लागतो. एका सावकाराचे प्रेत उकरताना कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. पहारीने प्रेताची दातखीळ उचकटून तोंडातले सोने काढताना त्याची बोटे त्या जबड्यात अडकतात. तो सुटतो, पण बोटे जातात. आणि त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. दगड फोडणारे हात मात्र आता उरलेले नसतात.

'विषारी भाकर' गावात घडते. सुगीचे दिवस आहेत, खळ्यावर मळणी चालू आहे. म्हातारा येताळ्या आपल्या नातवाला घेऊन पाटलाच्या खळ्यावर जातो. दिवसभर राबूनही वाट्याला अपमान येतो आणि शेवटी गुरांच्या शेणामुताने माखलेले, बुरसलेले भाकरीचे तुकडे पदरात पडतात. तेच तुकडे घरी शिजतात आणि त्यांनीच येताळ्याचा जीव जातो. मरताना तो नातवाला अशा भाकरीपासून दूर राहण्याची शिकवण देऊन जातो.

'जेव्हा मी जात चोरली होती' ही बागुलांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कथासंग्रहाची शीर्षककथा आहे. निवेदक रेल्वेत नोकरीला लागलेला शिकलेला तरुण आहे. परक्या गावात खोली मिळावी म्हणून तो जात लपवतो. त्याचे वागणे-बोलणे पाहून भोवतालचे लोक त्याला उच्च जातीचा समजून मान देतात. रामचरण नावाचा सहकारी तर त्याच्यावर जीव टाकतो. जात उघड होताच त्याच माणसांचे हात त्याच्यावर पडतात. आपली जात न लपवणारा काशिनाथ हा कामगार त्याला त्या मारातून सोडवतो.

आता घटकांकडे पाहू. पहिला घटक स्थळ. बंधुमाधवांचे खळे हे गावगाड्याचे हृदय आहे. धान्याची रास तेथे पडते, आणि ती राबून उभी करणाऱ्याला त्या राशीपासून किती दूर ठेवले आहे, हे तेथेच सर्वांत स्पष्ट दिसते. बागुलांची कथा औद्योगिक गावात, रेल्वेच्या वर्तुळात घडते. यंत्र जात मानत नाही, अशी जेथे अपेक्षा असावी, तेथेही जात कशी उभी ठाकते, हे त्यांना दाखवायचे आहे. अण्णा भाऊंनी निवडलेले ठिकाण या दोहोंपेक्षा वेगळे, महानगराच्या कडेचे स्मशान आहे. शहराला भीमाच्या ताकदीची गरज संपली की त्याला जागा उरते ती मेलेल्यांच्या शेजारी.

दुसरा घटक निवेदक. 'विषारी भाकर' नातू सांगतो. आजोबाचा अपमान त्याने डोळ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे कथेत आठवणीचा हळवेपणा आणि संताप दोन्ही आहेत. 'जात चोरली'मध्येही निवेदक 'मी'च आहे, पण तो साक्षीदार नसून गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभा असल्यासारखा आहे. आपले बिंग कोणत्या क्षणी फुटेल, ही धास्ती वाचकाला त्याच्या छातीच्या ठोक्यांतून जाणवते. अण्णा भाऊ मात्र भीमाची कथा तृतीय पुरुषात सांगतात. ते भीमाची बाजू मांडत नाहीत आणि त्याला दोषही देत नाहीत. तो राख चाळतो, सोने विकतो, त्याच्या घरात अन्न शिजते, एवढे सांगून ते पुढे जातात. निवाडा वाचकावर सोपवलेला आहे. या कथेची ताकद मुख्यतः या अंतरात आहे.

तिसरा घटक संघर्ष. येताळ्याचा संघर्ष उघड आहे. समोर पाटील आहे, त्याच्या मागे शतकांची बलुत्याची रूढी आहे. बागुलांच्या निवेदकाचा संघर्ष दुहेरी आहे. बाहेर समाज आणि आत स्वतःचे मन. जात लपवल्यामुळे मिळणारा मान त्याला सुखावतही नाही आणि सोडवतही नाही. भीमाच्या कथेत असा कोणी खलनायक समोर उभा नाही. खाण कोणी बंद केली, का बंद केली, हे त्याला समजत नाही. जातीचा उच्चार या कथेच्या केंद्रस्थानी नाही; केंद्रस्थानी आहे ती भूक आणि बेकारी. येथे अण्णा भाऊंची मार्क्सवादी दृष्टी दिसते. मात्र सावकाराच्या प्रेताच्या तोंडातसुद्धा सोने असते आणि जिवंत मजुराच्या घरात पीठ नसते, ही विषमता त्यांनी एकाही वाक्याचे प्रवचन न करता उभी केली आहे.

चौथा घटक म्हणजे कथेतील मध्यवर्ती वस्तू. एका कथेत भाकरी आहे, दुसरीत भाड्याची खोली आणि तिसरीत सोने. भाकरी जगवणारी असते. येथे ती मारते. खोली आसरा देणारी असते; येथे ती सापळा होते. सोने श्रीमंत करणारे असते. येथे ते हात घेऊन जाते. तिन्ही लेखकांनी माणसाच्या मूलभूत गरजेची वस्तू घेऊन तिचा गुणधर्म उलटा करून दाखवला आहे. तिघांचा अनुभव एकाच समाजव्यवस्थेतून आलेला असल्याचा हा पुरावा आहे.

पाचवा घटक भाषा. बंधुमाधवांची भाषा ओसरीवर बसून सांगितल्यासारखी, बोलीच्या जवळची आहे. बागुलांची वाक्ये तापलेली, प्रतिमांनी भरलेली, एकमेकांवर आदळत येणारी आहेत. अण्णा भाऊंचे निवेदन साधे आणि वेगवान आहे. संवादांत मात्र वारणेकाठची बोली जशीच्या तशी उतरते. हजारोंच्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवण्याची सवय असलेल्या शाहिराने लिहिलेले हे गद्य आहे. त्यात अवघड शब्द सापडत नाही.

शेवटचा घटक म्हणजे शेवट. येताळ्या मरतो, पण त्याचा नातू उरतो; त्या शेवटात पुढच्या पिढीचा निर्धार आहे. बागुलांचा निवेदक मार खाऊन उरतो, आणि त्याला मारणारा खरा कोण, हे त्याला समजलेले असते. त्या शेवटात जाणीव आहे. अण्णा भाऊंच्या भीमाला काहीच मिळत नाही. तो लहान मुलासारखा रडतो आणि कथा संपते. भीमा जिंकला असता, तर वाचक समाधानाने पुस्तक मिटून झोपी गेला असता. भीमा हरतो, म्हणून वाचक अस्वस्थ राहतो आणि खाण बंद पडल्यावर त्या माणसाने काय करायला हवे होते, हा प्रश्न बरोबर घेऊन जातो. दलित साहित्य संमेलनात ज्या हातांनी पृथ्वी धरली आहे असे त्यांनी म्हटले, तेच हात या कथेत निकामी होतात. एका ठिकाणी त्यांनी हातांचे सामर्थ्य सांगितले आणि दुसऱ्या ठिकाणी ते सामर्थ्य वाया गेल्यावर काय होते ते दाखवले.

या तुलनेतून कोण श्रेष्ठ आणि कोण कनिष्ठ, हे ठरवायचे नाही. अण्णा भाऊ मातंग समाजातले आणि कम्युनिस्ट चळवळीतले. बागूल आंबेडकरी विचाराचे, अण्णा भाऊंहून दहा वर्षांनी लहान, नाशिकजवळच्या विहितगावचे. बागुलांचेही बालपण माटुंग्याच्या लेबर कॅम्पात गेले, हा योगायोग मोलाचा आहे. एकाच वस्तीच्या गल्ल्यांनी मराठी कथेला दोन वेगळ्या वाटा दिल्या. आज महापुरुषांची आणि लेखकांची जातनिहाय वाटणी होते, जयंत्याही वेगवेगळ्या मांडवांत साजऱ्या होतात, मातंग आणि बौद्ध या दोन भावंडांत अंतर वाढवण्याचे प्रयत्न होतात. अशा वेळी या कथा एकाच पुस्तकात बांधून मुलांच्या हाती द्याव्यात. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या आणि १९९२ साली निघालेल्या दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनात अण्णा भाऊ, बंधुमाधव आणि बागूल एकत्र आले आणि जगभरच्या वाचकांनी त्यांना एका परंपरेचे लेखक म्हणून ओळखले. परक्यांना जे दिसले, ते घरच्यांना दिसायला हरकत नसावी.

अखेरची वर्षे

१९६१ साली अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले. वाटेगावहून मुंबईला पायी आलेला माणूस मॉस्कोपर्यंत पोचला, आणि त्या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांचे पुस्तक वाचकांच्या आवडीचे ठरले. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. पण कीर्ती आणि पैसा यांची सांगड त्यांच्या आयुष्यात बसली नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतल्या खोपटात त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे काढली. तेथेच त्यांचे बहुतेक लेखन झाले. भोवतालची माणसे हेच त्यांचे भांडवल होते. त्या वस्तीतली कितीतरी माणसे त्यांच्या कथांत नाव बदलून वावरतात. मिळणारे मानधन तुटपुंजे होते, घरच्या अडचणी होत्या आणि प्रकृती खालावत गेली. अखेरच्या काळात गोरेगावला सरकारी घर मिळाले. तेथे १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही गाठायची राहिली.

मृत्यूनंतर सन्मान आले. १ ऑगस्ट २००२ रोजी भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. विद्यापीठांत त्यांच्या साहित्यावर प्रबंध लिहिले गेले. गावोगाव पुतळे उभे राहिले. हे सर्व योग्यच आहे. परंतु पुतळ्याला हार घालणाऱ्या हातांनी त्यांचा एखादा कथासंग्रहही उघडावा, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही. शाळेने ज्याला दीड दिवस ठेवून घेतले, त्याची पुस्तके आज शाळेच्या कपाटात आहेत. सायंकाळच्या वंदनेनंतर, अभ्यासाच्या तासाला, एखाद्या मुलाने 'स्मशानातील सोनं' वाचावी, दुसऱ्या मुलीने 'विषारी भाकर' वाचावी आणि दोघांनी आपापल्या कथेचा शेवट तसा का झाला, यावर जेवणाच्या पंगतीत वाद घालावा. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी सुट्टीत आलेल्या मुलांना त्याविषयी विचारावे. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.